मध्यस्थाचं कोलेस्टेरॉल

सोनपेठेत भगवानरावांना न ओळखणारा माणूस भेटला, तर समजावं की तो एक तर बिनलग्नाचा राहणार आहे, नाही तर पळून जाऊन लग्न करणार आहे. बाकी सगळ्यांच्या सोयरिकी त्यांनीच जुळवलेल्या. गेली तीस वर्षं हा माणूस पालमपासून चारठाण्यापर्यंत लोकांच्या घरी जाऊन बसतो, पोरगी दाखवतो, पोरगा दाखवतो, रुसलेल्या मामाची समजूत काढतो आणि मोबदल्यात लग्नात एक टोपी आणि एक उपरणं घेतो. त्यांच्या घरी टोप्यांची एवढी चळत आहे की दैवशालावहिनी डाळीच्या डब्यांवर झाकण म्हणून टोप्या घालतात. तुरीची डाळ टोपी घालून बसलेली मी फक्त त्यांच्याच घरी पाहिली.

भगवानराव दिसायला भारदस्त. एकसष्ट वर्षांचं वय, रुंद कपाळ, पांढऱ्या मिशा आणि दोन्ही बाजूंनी खोल खिसे असलेला नेहरू शर्ट. आवाज असा, की आमच्या नाटकमंडळीच्या काळात भेटले असते तर मी त्यांना राजाची भूमिका देऊन स्वतः प्रधान झालो असतो.

त्यांची कामाची पद्धत न्यारी. घरात पाय टाकला की पहिला प्रश्न आजारपणाचा. "शुगर कुणाला हाय? दमा? फेफरं? म्हातारा कशानं गेला?" एका घरी देव्हाऱ्यातल्या फोटोमागं त्यांना दम्याचा पंप दिसला. पोरगी धाप लपवून चहा देत होती. भगवानरावांनी सोयरीक मोडली नाही. बापाला बाजूला घेऊन झापलं, मुलाकडच्यांना सगळं सांगायला लावलं आणि लग्नही लावलं. "आजार चालतो," ते म्हणायचे, "लपवाछपवी चालत न्हाई." या एका वाक्यावर तीन तालुके त्यांच्यावर भरवसा ठेवून होते.

दुसरी पद्धत ताटलीची. पाहण्याच्या कार्यक्रमात पोरीकडचे भजे, शिरा, चुरमुऱ्यांचा सुशीला असं काहीबाही मांडतात. त्यातला पहिला घास भगवानरावांचा. त्यांनी घेतल्याशिवाय मुलाकडचा कुणी ताटलीला हात लावायचा नाही. त्यांनी दोन भजे खाल्ले तर बोलणी पुढं न्यायची. दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर सोयरीक जमलीच. आणि त्यांनी ताटलीला हातच लावला नाही, तर पाव्हण्यांनी चहा पिऊन गुमान उठायचं. तोंडानं नाही म्हणायची वेळ यायची नाही, कुणाचा अपमान व्हायचा नाही. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. भगवानरावांनीच ती पाडली होती, आणि पुढं तेच तिच्यात अडकले.

झालं असं. जानेवारीत एका सकाळी भगवानराव गोदावरीकडच्या चढावर दम लागून दगडावर बसले. दैवशालावहिनींनी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर राजेश्री ही गावची सून, आणि ती सोयरीक भगवानरावांनीच जुळवलेली. तिनं रक्त तपासायला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन म्हणाली, "काका, दोनशे एकाहत्तर."

"कशाचे?"

"कोलेस्टेरॉल. रक्तातली चरबी. दोनशेच्या आत पाहिजे."

"मंग एकाहत्तरच तर जास्त हायेत. पाव्हण्यात येवढं खालीवर चालतंय, पोरी."

"हे पाव्हणे नाहीत काका. हे आले की परत जायचं नाव घेत नाहीत. ठिबकच्या नळीत क्षार चिकटतो ना, तसे रक्ताच्या नळीत चिकटून बसतात. शेतात मग शेवटचं झाड वाळतं. इथं मध्येच मोटार बंद पडते."

भगवानराव हसले नाहीत. त्यांचे थोरले बंधू छप्पन्नाव्या वर्षी धान्याच्या मोंढ्यातून घरी आले, बाजेवर बसून पाणी मागितलं आणि तांब्या येईपर्यंत गेले. तो तांब्या आणणारे भगवानरावच होते.

राजेश्रीनं सगळं नीट समजावलं. तळलेलं बंद, डालडा बंद, खारी-बिस्किटं बंद, गोडाला आवर. भाकरी, सालासकटच्या डाळी, मोडाची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी, पेरू, पपई हे भरपूर. तेल कुठलंही असो, चमच्यानं मोजून. तंबाखू आजपासून नाही. रोज चाळीस मिनिटं झपाझप चालायचं. तीन महिन्यांत उतरलं नाही तर गोळी सुरू करायची. "आणि गोळी लागली तर ती हार समजायची नाही," ती म्हणाली, "पण आधी तोंडाला कुलूप."

"मीच आणली ह्या गावात," बाहेर आल्यावर भगवानराव वहिनींना म्हणाले, "आन् मलाच खाऊ देईना."

घरात काही अडचण नव्हती. वहिनींनी त्याच दिवशी डालड्याचा डबा शेजारणीला दिला आणि तेलाच्या बरणीत चमचा असा ठेवला की जणू पोलीस उभा केलाय. अडचण होती ती घराबाहेर. लग्नसराईचे दिवस. रोज दोन घरं, घरागणिक भजे, आणि भज्यांचा अर्थ भगवानरावांनीच ठरवून दिलेला.

बरं, खरं सांगावं तर तेही जमेना. "मास्तर," ते मला म्हणाले, "तीस वर्षं लोकाच्या घरात आजार हुडकले. आता माझ्याच घरात निघाला म्हणल्यावर लोक काय म्हणतील? ह्याच्या भावाचं बी काळीज बंद पडलं, ह्याचं बी पडायलंय, आन् हा आमाला इचारतो, म्हातारा कशानं गेला!"

म्हणून पहिल्यांदा त्यांनी काहीच न बोलता पालमच्या एका घरी ताटली तशीच ठेवली. झालं. मुलाकडच्यांनीही ताटल्या खाली ठेवल्या. पोरीच्या आजीनं पदर डोळ्यांना लावला. संध्याकाळपर्यंत गंगाखेडपर्यंत बातमी, की पोरीत काहीतरी खोट आहे, भगवानरावांनी भजं शिवलं नाही. ती सोयरीक परत सांधायला बिचारे तीनदा पालमला गेले आणि तिसऱ्या खेपेला सगळ्यांसमोर एकामागून एक सहा भजे खाऊन आले.

मग त्यांना उपवासाची युक्ती सुचली. उपवास म्हटलं की आपल्याकडं कुणी रागावत नाही, उलट आदरानं बघतात. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवार आणि शुक्रवार कुणाचे, हे भगवानरावांनाही ठाऊक नव्हतं, पण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. रविवारी ते घरीच राहायचे. महिनाभरात त्यांच्या भक्तीची एवढी कीर्ती झाली की एका म्हातारीनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

पण आपल्या लोकांना उपाशी माणूस बघवतो होय? उपवास म्हणताच पोरीची आई आत पळायची. तूप सोडलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाट्याचे काप, राजगिऱ्याच्या पुऱ्या, शेंगदाण्याचा लाडू, वर साखर घातलेलं साईचं दही. आणि ही फराळाची ताटली नाकारायला भगवानरावांजवळ दुसरा देव शिल्लक नव्हता.

दीड महिन्यानं राजेश्रीनं पुन्हा रक्त तपासलं. कागद बघून तिनं चष्मा काढून पुसला.

"दोनशे त्र्याऐंशी. काका, खाल्लं काय तुम्ही?"

"कायबी न्हाई. माझे उपास चालू हायेत."

"ते कळलं. उपासाला काय खाल्लं?"

भगवानरावांनी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी खिडकीबाहेर बघितलं.

"अजून दीड महिना देते," राजेश्री म्हणाली. "आणि रामप्रसादशी मी बोलले आहे."

रामप्रसाद म्हणजे भगवानरावांचा मुलगा, परभणीला नोकरीला. त्यानं फोनवर ठणकावलं, "बाबा, आता उतरलं न्हाई तर तुमचं फिरणं बंद. आई आन् तुमी परभणीला या. खोली रिकामी करून ठेवलीय. तिसरा मजला हाय, हवा लय छान हाय."

तिसऱ्या मजल्यावर बसून भगवानराव कुणाची सोयरीक जुळवणार? फार तर कबुतरांची. त्या दिवशी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला मी ऐकला. "मास्तर, ताटली खाल्ली तर जीव जायलाय, न्हाई खाल्ली तर काम जायलंय. तुमी नाटकात लय संकटं बघितलीत. कायतरी काढा."

आता मला राहवेना. मी म्हणालो, "भगवानराव, आम्ही तीस वर्षं जत्रांमध्ये तंबू ठोकून राजेरजवाड्यांची भोजनं केली. रिकाम्या ताटांवर! लाडू शाडूचे, जिलबी दोरीची. पण पुढच्या रांगेतला माणूस ओठ चाटत घरी जायचा. खाणं म्हणजे काय? अभिनय आहे नुसता. उद्यापासून तालमीला या."

आणि आमची तालीम सुरू झाली. सकाळी नदीच्या रस्त्यानं चाळीस मिनिटं चालणं, मग माझ्या ओट्यावर तासभर खाणं, म्हणजे न खाणं. भज्यांच्या जागी भुईमुगाची टरफलं घेतली.

"खाण्याचा अभिनय तोंडात नसतो," मी त्यांना सांगितलं, "बोटांत असतो. भजं उचललं की ते गरम आहे हे आधी बोटांनी सांगा. आता फुंकर. आता ओठांशी न्या. डावा हात मिशीवरून फिरवा, बघणाऱ्याचा डोळा मिशीवर गेला पाहिजे. तेवढ्यात उजवा हात खाली."

"खाली कुठं?"

"खिशात. गाल हलवा. घाईनं नाही, भजं आहे, औषध नाही! आता गिळा. गळ्याची घाटी वरखाली झाली पाहिजे. आता मिरची लागली. स्स्स…"

"स्स्स," भगवानराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. शेंगेच्या टरफलावर डोळ्यांत पाणी आणणारा नट मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

वहिनींनी कपाळाला हात लावला, पण धुतलेल्या दुधाच्या पिशव्या कापून दोन्ही खिशांना आतून अस्तर लावून दिलं. "भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "ह्या वयात नवरा खिशात भजे घेऊन हिंडायलाय. माझ्या माहेरी कळलं तर काय सांगू?"

"सांगा, नाटकात गेला."

पंधरा दिवसांत भगवानरावांनी आठ घरं बिनबोभाट पार केली. घरी भाकरी, मटकीची उसळ आणि जवसाची चटणी खायची, बाहेर नाटक खायचं. एका घरी तर ते भूमिकेत एवढे शिरले की स्वतःच ओरडले, "दुसरा घाणा कधी येयलाय?" त्या दिवशी दोन्ही खिसे भरून उपरण्यातही गाठ मारावी लागली. संध्याकाळी बस सोनपेठेत शिरली की स्टँडवरची कुत्री रांगेनं उभी राहू लागली. मंत्री आला तरी सोनपेठेत एवढी शिस्त नसते.

मार्चच्या शेवटी पालमच्या पुढं एका गावी आश्रुबांच्या घरी कार्यक्रम ठरला. आश्रुबा आणि केवळाबाई यांचा साठेक शेळ्या-मेंढ्यांचा कळप, थोडी जमीन, आणि राजनंदिनी ही एकुलती लेक. कॉलेज करून सकाळ-संध्याकाळ शेळ्यांचं सगळं तीच बघणारी. मुलगा चारठाण्याचा आदिनाथ, त्याचे वडील रायभान. रायभान म्हणजे माणूस कसला, बैलजोडीच. भगवानरावांनी मला सोबत घेतलं. म्हणाले, "मास्तर, माझं काम एकदा डोळ्यानं बघा."

अंगणात लिंबाच्या सावलीत घोंगड्या अंथरलेल्या. रायभान आणि आदिनाथ समोर, मी आणि भगवानराव झाडाच्या बाजूला. आमच्या पाठीमागं लांब दोरीला एक तांबडी शेळी बांधलेली. मला ती तेव्हाच खटकायला हवी होती. रंगमंचावर जनावर कधी आणू नये, हे माझ्या गुरूनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

केवळाबाईंनी जीव ओतून केलं होतं. कांदाभजी, तळलेल्या मिरच्या, तुपात पोहणारा शिरा, सुशीला. राजनंदिनीनं ताटल्या ठेवल्या, नमस्कार केला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. सगळ्यांचे डोळे भगवानरावांकडं.

आणि त्यांनी खाल्लं! काय खाल्लं म्हणून सांगू! फुंकर मारली, मिशी सावरली, गाल हलवले, मिरचीवर "स्स्स" केलं आणि बोटं पुसत म्हणाले, "आश्रुबा, बेसनात ओवा बराबर पडलाय." केवळाबाईंचा चेहरा उजळला. रायभाननी समाधानानं ताटली ओढली आणि खरोखरचं खायला लागले. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो.

तेवढ्यात शेळीनं मान लांब केली.

आधी तिनं भगवानरावांचा खांदा हुंगला. त्यांनी कोपरानं सारलं. मग तिनं कुशीजवळ तोंड आणलं. ते रायभानना शेतीविषयी विचारत होते, "बागायत किती हाय म्हणलात?" आणि उजव्या हातानं खिसा आवळून धरत होते. रायभान उत्तर देत होते. शेळीचं तोंड आता खिशात पोचलं होतं. भगवानराव बसल्या जागी सरकले, शेळी पुढं सरकली. "पाण्याची सोय?" त्यांचा आवाज किंचित चिरकला. मी शेळीच्या पायाला हळूच ढोसलं, तर तिनं हिसकाच मारला.

टर्रर्र झालं. खिसा फाटला, आणि दुधाच्या पिशवीचं अस्तर, सात भजे, दोन मिरच्या आणि शिऱ्याचा एक गोळा घोंगडीच्या मधोमध येऊन पडला. शेळीनं शांतपणे दोन भजे उचलले. तिला अभिनय येत नव्हता. ती खरंच खात होती.

अंगणात सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"भगवानराव," रायभान म्हणाले, "हे काय हाय?"

"भजे हायेत."

"ते दिसायलंय मला. खिशात का हायेत?"

भगवानराव फाटका खिसा सावरत राहिले. रायभाननी ताटली खाली ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "आदिनाथ, ऊठ. ज्या घरचा घास मध्यस्थ गिळत न्हाई, खिशात घालतो, त्या घरात कायतरी हाय. आन् हे आपल्याला सांगंनात."

केवळाबाई पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. आश्रुबा पुढं झाले. गरीब माणूस, पण त्यांचा आवाज घट्ट होता. "भगवानराव, तुमीच सांगा आता. माझ्या घरात काय खोट हाय? आज हे लोक असे उठून गेले तर माझ्या पोरीच्या दारात परत कोण येईल?"

भगवानरावांनी ताटलीतलं एक भजं उचललं. या वेळी फुंकर नव्हती, मिशी सावरणं नव्हतं. मी ओळखलं, हा माणूस आता खरंच खाणार. एक खाल्लं तर काही मरत नाही. पण एक खाल्लं असतं तर मग सगळेच खावे लागले असते, आज आणि उद्याच्या घरी आणि परवाच्या. आणि घोंगडीवर पडलेल्या सात भज्यांचं उत्तर तरीही उरलंच असतं.

त्यांनी भजं परत ठेवलं.

"घर सोन्यासारखं हाय," ते म्हणाले. "खोट ह्या घरात न्हाई, रायभान. माझ्या रगतात हाय." आणि दुसऱ्या, धड राहिलेल्या खिशातून त्यांनी घडी पडलेला कागद काढला. "कोलेस्टेरॉल. दोनशे त्र्याऐंशी. डॉक्टरनं तळलेलं बंद केलंय. थोरला भाऊ ह्यातच गेला माझा. तीस वर्षं मी लोकाला म्हणलो लपवू नका, आन् स्वतःचं खिशात घालून हिंडायलोय. ह्या मास्तरांकडून खायचं नाटक शिकलो. चूक माझी हाय, पोरीची न्हाई."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पडदा असता तर मी तो स्वतः ओढला असता.

रायभान उभेच होते. मग हळूच खाली बसले. कागद मागून घेतला, दूर धरून वाचला.

"दोनशे त्र्याऐंशी म्हणलात?"

"हां."

रायभाननी मुलाकडं चोरून बघितलं आणि मिशी कुरवाळली. "माझं तीनशे चार हाय."

"आबा!" आदिनाथ ओरडला. "तुमी तर म्हणलात सगळं नॉर्मल हाय! दवाखान्यातून येताना आपण भजे खाल्ले त्या खुशीत!"

"तुझ्या मायला कळंल म्हणून तुला बी न्हाई सांगितलं. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्यात. चिठ्ठी गाडीच्या डिकीत हाय."

"घेताव का न्हाई गोळ्या?"

"चिठ्ठी नीट ठिवलीय म्हणलं की."

तेवढ्यात दारातून आवाज आला. राजनंदिनीचा. पहिल्यांदाच बोलली पोरगी.

"आई, उचल त्या ताटल्या. तीनशे चार म्हणायलेत आन् तू अजून बघायलीस?" असं म्हणून ती स्वतःच पुढं आली आणि रायभानच्या समोरची ताटली उचलून घेतली. रायभानचा हात भज्यावरच होता. भजं हातात राहिलं. तिनं हात पुढं केला. रायभाननी ते मुकाट्यानं तिच्या तळहातावर ठेवलं.

"आश्रुबा," रायभान म्हणाले, "अजून सून झाली न्हाई, तर ताट काढून घेयली."

आश्रुबा घाबरले, पण खरं बोलले. "आगाऊ सांगून ठेवतो, ती हाय अशीच. शेळ्या बी वचकून असतात तिला. हिला सोडून." त्यांनी तांबड्या शेळीकडं बोट केलं.

"मला अशीच पायजे," रायभान म्हणाले. "माझ्या घरात मला आडवायला कुणी न्हाई. ह्याची माय रडती, हा चिडतो. ताटली कुणी उचलत न्हाई." मग मुलाकडं वळले. "तुझं काय म्हणणं हाय?"

आदिनाथ राजनंदिनीकडं बघत हसत होता. ती त्याचीही ताटली उचलत होती. "माझं काय न्हाई," तो म्हणाला, "पण माझं कोलेस्टेरॉल चांगलं हाय. मला चार राहू द्या म्हणा."

"दोन," राजनंदिनी म्हणाली, आणि सोयरीक जमली.

केवळाबाईंनी मग घरच्यासाठी केलेलं होतं तेच आणलं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं गरम पातळ माडगं, मेथीची भाजी, फोडलेला कांदा. पहिला घास भगवानरावांनी घेतला. कशाला खोटं बोलू, नट म्हणून मला जरा वाईटच वाटलं. इतकं भूक लागल्यासारखं खाणं मी त्यांना शिकवलं नव्हतं.

जाताना केवळाबाई भगवानरावांना म्हणाल्या, "दादा, आधी बोलला असता तर म्या येवढं तेल तरी जाळलं नसतं."

ही गोष्ट भगवानराव सोनपेठेत पोचायच्या आधी पोचली. मला वाटलं, आता लोक हसतील आणि मध्यस्थ संपला. हसले तर खूप. आठवडी बाजारात भगवानराव दिसले की लोक आपले खिसे चाचपायचे. पण गंमत अशी की बोलावणी वाढली. लोक दारातच सांगू लागले, भगवानराव, आमच्या म्हाताऱ्याचं बी वाढलंय, आमच्या हिला शुगर हाय, काय खावं सांगता का? ज्या गोष्टी बाहेर काढायला त्यांना आधी देव्हाऱ्यामागं डोकवावं लागायचं, त्या आता चहाबरोबर समोर यायला लागल्या. आणि पोरींच्या आयांमध्ये चुरस लागली. कुणी वाफवलेल्या कोथिंबीर वड्या, कुणी मोडाची भेळ, कुणी नुसते पेरू कापून तिखटमीठ. एका घरी काहीच सुचेना म्हणून त्यांनी नुसतं काकड्यांचं ताट ठेवलं. भगवानरावांनी दोनदा मागून घेतलं, आणि तेही लग्न ठरलं.

रायभान त्यांना रोज सकाळी फोन करतात. "किती चाललात?" "पाच हजार पावलं." "मी सहा." "तुमी गाडीत बसून मोबाइल हालवायलाव." "तुमच्या मास्तरकडून शिकलो." गोळी मात्र ते आता नेमानं घेतात. सून येण्याआधीच तिनं फोनवरून हजेरी घ्यायला सुरुवात केलीय.

एप्रिलच्या मध्यात राजेश्रीनं दिलेली मुदत संपली. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. संध्याकाळी दवाखान्यात मी, वहिनी आणि फोनवर रामप्रसाद. भगवानराव खुर्चीवर असे बसले होते, जणू पोरगी दाखवायला त्यांनाच आणलंय.

राजेश्रीनं कागद वाचला. "दोनशे एकतीस."

"म्हंजी?" फोनमधून रामप्रसाद म्हणाला.

"अजून दोनशेच्या वर आहे. पण बावन्न उतरलं दीड महिन्यात, आणि वाईट चरबी चांगली घटलीय. गोळी आता नको, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. रस्ता बरोबर आहे. काका, मिरवायचं नाही, पेढे वाटायचे नाहीत. जे चाललंय ते जन्मभर चालू ठेवायचं."

"आन् फिरणं?" भगवानरावांनी हळूच विचारलं.

"फिरणं वाढवा म्हणते मी."

मग रामप्रसाद म्हणाला, "बाबा, ती खोली…"

"त्यात लेकरांचा अभ्यास बसव," भगवानराव म्हणाले. आवाज पुन्हा राजाचा झाला होता. "आमाला इथं या हंगामात अजून चार घरं हायेत."

वहिनींनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तो आता लपवायचा नव्हता, शेजारणीला दाखवायचा होता. बाहेर उन्हं उतरली होती. स्टँडकडं जाणारा ऑटो समोरच उभा होता, ऑटोवाल्यानं हाक मारली, "बसा भगवानराव, सोडतो."

"तू हो पुढं," भगवानराव म्हणाले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस इतका झपाझप, की वहिनी आणि मी मागून ओरडत राहिलो.